पिस्टनची रायफल घ्यायची का? अमेरिकेत नव्याने रेंजवर जाणाऱ्यांसाठी

‘साधी एआर घेऊ का पिस्टनवाली?’ डॅलसच्या उत्तरेला राहणारी आम्ही पाच-सहा मराठी मंडळी महिन्यातून एखाद्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जातो, आणि नवीन आलेला माणूस हा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. (एआर म्हणजे एआर-१५ घराण्यातली अर्धस्वयंचलित रायफल. पिस्टनवाली म्हणजे जी वायूने दट्ट्या ढकलून चालते ती. फरक तिसऱ्या पायरीत सांगतो.) दुकानात त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं की पिस्टनची रायफल स्वच्छ राहते, अडकत नाही, सैन्यंही तीच वापरतात. यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळे मी पहिल्या खरेदीत बरेच पैसे जास्त मोजले आणि वर पाच महिने रायफल कपाटात ठेवून बसलो. तसं दुसऱ्या कोणाचं होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिल्या रायफलीत पिस्टनची खरी गरज फार थोड्यांना असते. पण तो प्रश्न येतो बऱ्याच नंतर. त्याआधीचे दोन प्रश्न जास्त मोठे आहेत.

पहिली पायरी: रायफल हातात घेण्याचा हक्क तुम्हाला आहे का

इथे आपली माणसं सगळ्यात जास्त चुकतात. टेक्सासमध्ये रायफल घ्यायला राज्याचा परवाना लागत नाही, त्यामुळे ‘ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं की झालं’ असा समज पसरलेला आहे. पण केंद्राचा कायदा वेगळा आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ असा कुठलाही बिगर-स्थलांतरित व्हिसा असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच बंदी आहे. विकत घेणं दूरच, जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली रायफलही यात येते. शिक्षा १५ वर्षांपर्यंत कैदेची.

या बंदीला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला शिकारीचा परवाना, आणि तोही मुदतीतला. परवान्याची मुदत संपली की त्या दिवसापासून तुम्ही पुन्हा बंदीखाली. घरात रायफल ठेवलेली असेल आणि परवान्याचं नूतनीकरण राहून गेलं, तर तुमच्या कपाटातच गुन्हा घडतोय असं समजा. आपल्यातल्या अनेकांचं ग्रीन कार्ड दहा-दहा वर्षं रांगेत आहे. रांगेत असणं म्हणजे कार्ड मिळणं नव्हे. कार्ड मंजूर झालं की मात्र नागरिकाप्रमाणेच खरेदी करता येते.

याला जोडून तीन गोष्टी, तिन्ही आमच्या ओळखीतल्या घरांत घडता घडता राहिल्या. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या बाबांना हौसेने रेंजवर नेऊन रायफल हातात देऊ नका. ते बी-२ वर आहेत. घरात राहणारा धाकटा भाऊ एफ-१ वर असेल, तर त्याला तिजोरीचा नंबर सांगू नका, कारण त्याचा हात पोचतो तिथे कायदा त्याचाही ताबा मानू शकतो. आणि एच-१बीवरच्या मित्रासाठी ‘माझ्या नावावर घेतो, पैसे तू दे’ हे कधीही करू नका. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावाने घेणं हा २०२२ पासून केंद्राच्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं. मित्रप्रेमापायी संसार उधळू नका.

टेक्सासबाहेर असाल तर राज्याचा कायदाही बघा. एडिसनच्या मंडळींना न्यू जर्सीत आधी खरेदीचं ओळखपत्र लागतं आणि एआर वर्गातल्या बहुतेक रायफलींवर तिथे बंदीच आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, मेरीलँड इथेही कडक निर्बंध आहेत. इलिनॉय आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०२३ मध्ये विक्रीवर बंदी आणली. पिस्टन आहे म्हणून सूट मिळेल असं धरू नका. कायदा मुख्यतः मॅगझिन (काडतुसांची पेटी), दस्ता (खांद्याला टेकणारा मागचा भाग), मूठ असल्या गोष्टी पाहतो. पुढच्या वर्षी नोकरीसाठी सिएटल किंवा शिकागोला जायची शक्यता असेल तर खरेदी थांबवा.

दुसरी पायरी: घर

हा भाग वाचायचा कंटाळा करू नका. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात कोणी नैराश्यातून जात असेल, औषधं चालू असतील, किंवा नुकतीच नोकरी जाऊन व्हिसाचे साठ दिवस मोजणं चालू असेल, तर आत्ता बंदूक घरात आणू नका. आधीच असेल तर काही काळ बाहेर ठेवायची सोय करा. बरेच परवानाधारक विक्रेते ती ठेवून घेतात. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

मुलं असतील तर कुलूपबंद कपाट रायफलीच्या आधी घरी आलं पाहिजे. कपाट भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्कं करा, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर मोठ्या माणसावर गुन्हा दाखल होतो. आपल्याकडे पाहुण्यांची पोरं बेडरूमपर्यंत हुंदडतात, गणपतीला घरात पंधरा मुलं असतात. ‘वरच्या फळीवर ठेवलीय’ हे उत्तर चालणार नाही.

पती-पत्नी दोघांचं एकमत नसेल तर इथेच थांबा. मी तर म्हणेन, ज्याचा विरोध आहे त्याचं ऐका.

तिसरी पायरी: यंत्र समजून घ्या

आता मूळ विषय. अर्धस्वयंचलित रायफल म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकून नवं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या, काडतूस बसायच्या जागेत) घेण्याचं काम रायफल स्वतः करते. त्या कामाला लागणारी ताकद गोळीच्याच वायूतून येते. गोळी सुटली की जळालेल्या दारूचा वायू तिच्यामागे नळीतून धावतो. नळीच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं. गोळी त्या भोकाच्या पुढे गेली की थोडा वायू तिथून वर निसटतो. इथपर्यंत दोन्ही रायफली सारख्या.

साध्या एआरमध्ये हा वायू एका बारीक पोलादी नळकांडीतून (गॅस ट्यूबमधून) थेट मागे, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) ज्यात बसतो त्या कॅरियरच्या पोटात जातो. तिथे तो फुगतो, बोल्टला पुढे रेटतो आणि कॅरियरला मागे. म्हणजे नीट पाहिलं तर इथेही दट्ट्या आहेच. बोल्टची शेपटी आणि तिच्यावरच्या तीन बारीक रिंगा हाच दट्ट्या. यूजीन स्टोनरने १९५० च्या दशकात आर्मालाइट कंपनीत ही रचना केली. (एआर म्हणजे आर्मालाइट रायफल. अनेकांना अजून ते ‘असॉल्ट रायफल’ वाटतं.) यात फायदा असा की सगळा जोर नळीच्या सरळ रेषेत बसतो आणि हलणारे भाग कमी, त्यामुळे रायफल हलकी. तोटा असा की गरम, काजळीचा वायू रायफलीच्या आतच सोडला जातो.

पिस्टनच्या रायफलीत वायू मागे येत नाही. पुढेच, भोकाजवळ एक छोटा दट्ट्या असतो, तो वायूचा धक्का खातो आणि दांडीने कॅरियरला मागे ढकलतो. सायकलचा पंप आठवा. पंपात आपण दट्ट्या दाबतो आणि हवा सुटते, इथे वायू सुटतो आणि दट्ट्या दाबला जातो. उरलेला वायू पुढेच बाहेर पडतो, काजळीही बरीचशी तिथेच जमते.

दट्ट्याचेही दोन प्रकार. एकेमध्ये (एके-४७ आणि तिच्या घराण्यात) तो कॅरियरला कायमचा जोडलेला असतो आणि त्याच्याबरोबर पूर्ण अंतर मागे जातो. आपल्या सैन्याची इन्सासही याच जातीची. दुसऱ्या प्रकारात दट्ट्या फक्त एक टोला देतो आणि थांबतो, पुढचा प्रवास कॅरियर त्या टोल्याच्या जोरावर करतो. एआर-१५ चे हक्क १९५९ मध्ये कोल्ट कंपनीला विकल्यावर आर्मालाइटने पुढे एआर-१८ काढली, ती या दुसऱ्या प्रकारची. आज दुकानात ‘पिस्टन एआर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक याच वळणाचं. भारताने २०१९ मध्ये सैन्यासाठी मागवलेल्या ७२,४०० सिग ७१६ रायफलीही आखूड टोल्याच्या दट्ट्यावरच चालतात.

आता कळीचा मुद्दा. एके मुळातच दट्ट्यासाठी घडवलेली आहे, तिचा कॅरियर दोन बाजूंच्या रुळांवर धावतो. एआर तशी नाही. तिचा कॅरियर गोल आहे आणि गोल पोकळीत सरकतो, कारण स्टोनरने जोर मधोमध बसेल असं धरलं होतं. अशा रायफलीत वरून दांडीचा टोला मारला की कॅरियरचं शेपूट खाली झुकतं आणि ज्या दस्त्यातल्या नळीत तो मागे जातो, त्या मागच्या नळीच्या खालच्या ओठावर घासतं. कॅरियर तिरका होणं ते हेच. चांगल्या कंपन्यांनी कॅरियरच्या मागच्या भागाला आधाराची जाडी देऊन किंवा मागची नळी बदलून हे बरंचसं आटोक्यात आणलंय. साध्या एआरवर नंतर पिस्टनचा संच चढवला की हा त्रास डोकं वर काढतो. नवशिक्याने त्या संचाच्या वाटेला जाऊच नये.

चौथी पायरी: ‘सैन्यंही पिस्टनच वापरतात’ हे नीट ऐका

साध्या एआरचं नाव खराब झालं व्हिएतनाममध्ये. १९६६-६७ च्या सुमारास एम१६ (एआरचंच सैनिकी रूप) रणांगणावर अडकू लागल्या, सैनिक मेले, आणि १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली. निघालं ते असं की काडतुसातली दारू बदलली होती, चेंबरला क्रोमचा मुलामा दिला नव्हता आणि सैनिकांना साफसफाईचं सामान पुरेसं मिळालं नव्हतं, उलट ही रायफल साफ करावी लागत नाही अशी समजूत पसरली होती. हे दोष सुधारल्यावर तीच रचना पुढे अनेक दशकं टिकली. तरी ‘स्वतःच्याच काजळीत गुदमरणारी रायफल’ हा शिक्का राहिलाच.

दुसरा नेहमीचा दाखला २००७ च्या धुळीच्या चाचणीचा. अमेरिकी सैन्याने प्रत्येक प्रकारच्या दहा रायफलींतून एकूण ६०,००० गोळ्या धुळीत झाडल्या. साधी एम४ (एम१६ चीच आखूड बहीण) अडकली ८८२ वेळा. पिस्टनच्या तिघींपैकी एचके४१६ अडकली २३३ वेळा, स्कार २२६ आणि एक्सएम८ फक्त १२७ वेळा. आकडे पाहून पिस्टनचा विजय वाटतो, आणि आहेही. पण सोबत दोन गोष्टी ठेवा. ८८२ पैकी २३९ अडकणी मॅगझिनच्या होत्या. आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातल्या चाचणीत हीच एम४ तीनशेच्या आसपासच अडकली होती. म्हणजे रायफलींचा नमुना, मॅगझिनं, वंगण यांचाही वाटा मोठा. ६०,००० मध्ये ८८२ म्हणजे दर ६८ गोळ्यांमागे एक, तेही धुळीचा अतिरेक करून. तुम्ही डॅलसजवळच्या प्लॅनोतल्या वातानुकूलित रेंजवर महिन्याला शंभर गोळ्या झाडणार आहात.

याच्या उलट दाखलाही आहे. पॅट रॉजर्स नावाच्या प्रशिक्षकाने आपल्या वर्गात वापरली जाणारी एक साधी एआर मुद्दाम जवळजवळ साफ न करता, फक्त भरपूर तेल घालत चालवली. ३१,००० हून अधिक गोळ्या झाल्या तरी ती चालत होती. तिचं नावच ‘फिल्दी १४’ पडलं. साधी एआर काजळीने नाही, कोरडेपणाने अडकते, हे मला तेव्हापासून पटलं आणि माझा स्वतःचा अनुभवही तोच आहे.

मग नॉर्वे, फ्रान्स, अमेरिकी मरीन यांनी एचके४१६ च्या घराण्यातल्या रायफली का घेतल्या? त्यांची गरज तशी होती म्हणून. आखूड नळी, ध्वनिशामक (सायलेन्सर), सतत फैरी झाडणं, पाण्यातून बाहेर येऊन लगेच गोळी चालवणं. अमेरिकी सैन्याने २०२२ मध्ये निवडलेली नवी सिगची रायफलही पिस्टनची आहे आणि ती ध्वनिशामकासह वापरायचीच ठरलेली आहे. सैन्याची निवड बरोबर आहे. तुमची गरज तीच आहे का, एवढंच तपासायचं.

पाचवी पायरी: तुमची गरज

पुढच्यापैकी एखादी गोष्ट तुम्हाला खरोखर लागू असेल तर पिस्टनचा विचार करा. ध्वनिशामक कायम लावून चालवणार असाल. त्याने वायूचा उलटा दाब वाढतो, आणि साध्या एआरमध्ये तो कॅरियरमधून थेट तुमच्या डोळ्यांकडे येतो. (पिस्टनमध्ये तो कमी होतो, पूर्ण थांबत नाही, नळीतूनही काही वायू मागे येतोच.) १६ इंचांपेक्षा आखूड नळी हवी असेल. तिची आणि ध्वनिशामकाची केंद्राकडे नोंदणी करावीच लागते. २०२६ पासून त्यांच्यावरचा २०० डॉलर कर शून्य झाला असला तरी नोंदणी सुटलेली नाही. किंवा दस्ता दुमडणारी रायफल हवी असेल. साध्या एआरचा कॅरियर मागे दस्त्यातल्या नळीत जातो, म्हणून तिचा दस्ता दुमडून गोळी झाडता येत नाही. सिग एमसीएक्स किंवा सीझेड ब्रेन २ सारख्या मुळातच पिस्टनसाठी घडवलेल्या रायफलींत ते जमतं. माझ्या मते पिस्टन घ्यायचीच असेल तर अशी मुळातली घ्या, एआरला दट्ट्या जोडलेली नको.

कागदाला भोकं पाडायची, शंभर यार्डांवर नेम सुधारायचा, वर्षातून एकदा रानडुकराच्या शिकारीला जायचं एवढंच असेल, तर मध्यम लांबीच्या गॅस ट्यूबची, १६ इंची नळीची साधी एआर घ्या. ट्यूब लांब असली की वायू भोकाशी पोचेपर्यंत त्याचा दाब उतरतो आणि रायफल मऊ चालते. पिस्टनकडून लोक जी अपेक्षा ठेवतात त्यातली निम्मी इथेच, जास्त पैसे न देता पुरी होते.

फक्त सफाईचा कंटाळा म्हणून पिस्टन घेऊ नका. काजळी नाहीशी होत नाही, जागा बदलते. दट्ट्याच्या टोकाला जमलेला कडक थर मी तांब्याच्या ब्रशने खरवडलाय. बोल्टची शेपटी साफ करण्यापेक्षा ते काम काही सोपं नाही.

सहावी पायरी: पैसे आणि सुटे भाग

आजच्या घडीला ठीकठाक साधी एआर साधारण ५०० ते ९०० डॉलरला मिळते, पिस्टनची बाराशेच्या आसपास सुरू होऊन तीन हजारांच्या वर जाते. गोळी साधारण ५० सेंटला एक. म्हणजे फरकाच्या पैशात हजार गोळ्या आणि एका चांगल्या प्रशिक्षकाचा दिवसभराचा वर्ग होतो. नेम वर्गाने सुधारतो.

पण किमतीपेक्षा सुटे भाग महत्त्वाचे. साध्या एआरचे भाग सैन्याच्या जुन्या मापावर बनतात, एका कंपनीचा बोल्ट दुसरीच्या रायफलीत बसतो. पिस्टनच्या भागांना असं सामाईक माप नाही. दट्ट्या, दांडी, स्प्रिंग, कॅरियर सगळं ज्याचं त्याचं. माझी पहिली रायफल एका छोट्या कंपनीची, वापरलेली पिस्टन एआर होती. माझ्या हातून सुमारे अठराशे गोळ्या झाल्यावर दांडीची स्प्रिंग तुटली. कंपनीने तोवर रचना बदलली होती, जुन्या रचनेची स्प्रिंग शिल्लक नव्हती. ईमेल, फोन, पुन्हा ईमेल. पाच महिन्यांनी एक पाकीट आलं, त्यात बोटाएवढी स्प्रिंग. त्याच काळात मित्राच्या साध्या एआरच्या एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची) स्प्रिंग गेली. त्याने रेंजच्या काउंटरवरूनच नवी घेतली, तिथल्या बाकावर बसून बदलली आणि अर्ध्या तासात पुन्हा माझ्या शेजारच्या लेनमध्ये उभा राहिला. मोठ्या कंपन्यांबाबतही हे लक्षात ठेवा: रुगरने २००९ मध्ये आणलेली एसआर-५५६ आता बनत नाही. म्हणून पिस्टन घेताना त्याच दिवशी एक जादा दट्ट्या, दांडी आणि स्प्रिंग मागा. दुकानदाराला ते मिळवता येत नसतील तर तुम्हाला उत्तर मिळालं.

सातवी पायरी: काउंटरवर काय बघायचं

हातात घेण्याआधी दुकानदाराकडून चेंबर उघडून दाखवून घ्या, मग स्वतः बोट घालून पहा. त्याने दाखवलं तरी पहा. नळी कायम सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर, आणि रायफल भरलेलीच आहे असं धरून वागायचं. तिथला कोणी तुमच्या या काटेकोरपणाला नाक मुरडणार नाही, आणि मुरडलं तर ते दुकान सोडा.

नंतर विचारा: ‘दोन भाग वेगळे करून बघू का?’ मागची पिन ढकलली की वरचा भाग उघडतो. मोबाइलचा टॉर्च लावून दस्त्याच्या नळीच्या तोंडाशी, खालच्या ओठावर बघा. नव्या रायफलीत तिथला काळा रंग एकसारखा असतो. वापरलेल्या पिस्टन एआरमध्ये तिथे नखाएवढी चमकती, घासलेली जागा दिसेल. हलकी चमक असली तर चालेल. बोट फिरवल्यावर खाच लागली, अ‍ॅल्युमिनियमचा बारीक चुरा बोटाला आला, तर पिन पुन्हा लावा आणि धन्यवाद म्हणा. पुढचा गॅस ब्लॉकही (नळीच्या भोकावर बसणारा ठोकळा) तपासा. वायू कमीजास्त करायचं बटण हाताने फिरतं का, की काजळीने घट्ट बसलंय?

वजन नेहमी हात लांब करून जोखा. पिस्टनचं वजन सगळं पुढे असतं. रायफल दोन मिनिटं खांद्याला लावून उभे राहा. पहिल्या मिनिटाला काही वाटत नाही, दुसऱ्या मिनिटाला डावा हात बोलू लागतो. माझी पत्नी चांगली नेमबाज आहे; तिने असंच उभं राहून तीन रायफली बाजूला ठेवल्या आणि तिची निवड अजून बदललेली नाही. शक्य असेल तर दोन्ही प्रकार भाड्याने घेऊन प्रत्येकी पन्नास गोळ्या झाडून पहा.

नळीवर कोरलेलं मापही वाचा. ५.५६ ची नळी ५.५६ आणि .२२३ ही दोन्ही काडतुसं चालवते, .२२३ च्या नळीत ५.५६ घालू नये. .३०० ब्लॅकआउट या वेगळ्या काडतुसाची रायफल घरात असेल तर तिची मॅगझिनं वेगळ्या रंगाची ठेवा. ते काडतूस ५.५६ च्या चेंबरमध्ये बसू शकतं आणि चाप ओढल्यावर रायफल फुटते.

आठवी पायरी: खरेदीचा दिवस

फॉर्म ४४७३ भरावा लागतो, मग विक्रेता एफबीआयकडे तुमची पडताळणी करतो. बऱ्याचदा दहा मिनिटांत होतं, कधी काही दिवस थांबावं लागतं. ड्रायव्हिंग लायसन्सवर सध्याचाच पत्ता असला पाहिजे. घर बदललं आणि लायसन्स तसंच, म्हणून परत पाठवलेले आपले लोक मी पाहिलेत. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड सोबत न्यावं, त्यावरचा ‘यूएससीआयएस’ क्रमांक (यालाच ‘ए’ नंबर म्हणतात) फॉर्मवर लागतो. मधलं नाव पूर्ण लिहा, वडिलांचं किंवा नवऱ्याचं जे कागदोपत्री असेल ते. लायसन्सवर नुसतं आद्याक्षर आणि कार्डावर पूर्ण नाव असला घोळ आपल्या नावांत फार होतो, तो आधी निस्तरा. गांजाबद्दलचा प्रश्नही नीट वाचा. तो राज्यात कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्यात नाही, हे त्या फॉर्मवरच छापलेलं आहे. काही समजलं नाही तर अंदाजाने खूण करू नका. खोटं उत्तर हा वेगळा गुन्हा आहे.

नंतरचे काही महिने

पहिल्या पाचशे गोळ्या वहीत नोंदवा: तारीख, काडतुसाची कंपनी, कुठल्या मॅगझिनमधून अडकली. मॅगझिनांवर मार्करने आकडे घाला. अडकणं एकाच आकड्यावर येत असेल तर रायफल निर्दोष आहे, मॅगझिन फेका. पिस्टनच्या रायफलीत दर पाचशे गोळ्यांनी तो ओठ पुन्हा टॉर्चने बघा आणि फोटो काढून ठेवा, म्हणजे खाच वाढतेय का ते कळतं. साध्या एआरला तेल घाला, आणखी घाला. कॅरियर बोटाला ओला लागला पाहिजे.

कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही. बंद रेंजवर रायफलीच्या एका आवाजानेही कानाला कायमची इजा होऊ शकते. घरी आल्यावर गार पाण्याने आणि साबणाने हात धुवा, बूट दाराबाहेर काढा, कपडे वेगळे टाका. शिशाची धूळ रांगणाऱ्या बाळाच्या जमिनीवर यायला नको.

आणि रेंजची पिशवी कायम वेगळी ठेवा. रायफल तर तुम्हाला भारतात नेता येणार नाहीच, पण एखादं काडतूस नकळत जाऊ शकतं. मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर प्रवाशाच्या पाठपिशवीत एक जिवंत काडतूस सापडलं आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, अशा बातम्या वारंवार येतात. पिशवी रेंजवर नेलेली असते, काडतूस शिवणीच्या घडीत अडकलेलं असतं, अमेरिकेतून निघताना कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या घरी रेंजची पिशवी लाल आहे आणि गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते, ती घरात येत नाही. तरीही सुट्टीला निघण्याच्या आदल्या रात्री मी प्रवासाच्या प्रत्येक पिशवीचा प्रत्येक कप्पा फरशीवर उलटा करतो, अस्तर बोटांनी चाचपतो, जॅकेटचे खिसेही. गेल्या डिसेंबरात मुलीच्या जॅकेटमधून पेन्सिलीचा तुकडा, दोन चॉकलेटचे कागद आणि एक रिकामी पुंगळी निघाली. चमकते म्हणून तिने रेंजच्या दाराशी उचलली होती.